फरशीखालची माशी

दादाच्या बेकरीत बारक्या माश्या झाल्या, तेव्हा त्याने आधी दोन फवारणीवाले बोलावले आणि शेवटी सख्ख्या धाकट्या बहिणीला. त्यांची बावीस वर्षं संग्रहालयाच्या कीटक विभागात माश्यांची वर्गवारी करण्यात गेली होती. सगळं घर त्यांना माशीबाई म्हणे, आणि त्याचं त्यांना काही वाटत नसे.

"फळांवरची चिलटं आहेत," दादा म्हणाला. "दोघांनीही तेच सांगितलं. सफरचंदाचा केक बंद केला, तरी हटत नाहीत. तपासनीस आठ दिवसांची मुदत देऊन गेलाय."

ओट्यावर एक माशी उतरली. हात जवळ गेला तरी उडाली नाही. तुरुतुरु धावली, थबकली, पुन्हा धावली. माशीबाईंनी तिच्यावर काचेची नळी पालथी घातली आणि पिठाच्या पोत्यांशेजारी सूक्ष्मदर्शक मांडला.

"बघा वहिनी. पाठीला कुबड आहे. पंखाच्या पुढच्या कडेला जाड शिरा, मागे नुसत्या पुसट तिरप्या रेघा. हे चिलट नव्हे. ही फोरिडी कुळातली."

"कूळ कळून काय करायचं, वन्सं? माशी ती माशीच."

"कूळ कळलं की माहेर कळतं. यांच्या अळ्या सडक्या ओलीत वाढतात. फवारण्या करूनही इतक्या येताहेत, म्हणजे फरशीखाली सांडपाण्याचा पाइप फुटलाय."

"फरशी गेल्याच वर्षी घातलीय," दादा म्हणाला.

"मग जपून उचलायला सांग."

प्लंबरने मोरीजवळ खणलं. माती कोरडी ठणठणीत निघाली. दादाचं तोंड एवढंसं झालं. माशीबाई वाकून मातीचा वास घेत म्हणाल्या, "जागा माझी चुकली. माशी चुकलेली नाही."

त्या दिवशी बेकरी लवकर बंद झाली. बाईंनी फरशीच्या प्रत्येक फटीवर चिकटपट्टी लावली, गोंदाची बाजू खाली. सकाळी एकेक पट्टी सोलून भिंगाखाली धरली. मोरीपाशी एकही नाही, दाराशी दोन. मागच्या भिंतीलगत, पाव फुगायला ठेवायच्या कपाटाखाली, एकतीस. सगळ्या कुबडवाल्या.

तिथल्या तीन फरश्या उचलताच वहिनींनी नाक धरलं. खाली काळा चिखल होता आणि त्यात पांढऱ्या अळ्या वळवळत होत्या. पाइपचा सांधा बोटभर उघडा पडला होता. माती वाहायला दादाने स्वतःच घमेलं उचललं.

आठव्या दिवशी तपासनीस आला, तेव्हा चार-पाच माश्या उरल्या होत्या. बदललेला पाइप बघून त्याचं समाधान झालं. "अहवालात नाव काय लिहू?" त्याने विचारलं.

"फोरिडी. कुळापर्यंत खुशाल माझी सही घ्या. जात कोणती, ते नर माशीचं पोट उघडून भिंगाखाली पाहिल्याशिवाय सांगणार नाही. महिना जाईल."

"तेवढं कोण विचारतंय?"

"मी," माशीबाई म्हणाल्या, आणि चिखलाजवळ पकडलेल्या माश्यांच्या बाटलीवर त्यांनी तारीख घातली.

बसथांब्यापर्यंत त्यांची पिशवी दादाने धरली. "या कुळात किती जाती आहेत गं?" त्याने विचारलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच.

"नावं दिलेल्या चार हजारांवर. बिननावाच्या त्याहून कितीतरी जास्त."

"म्हणजे तू काही रिटायर होत नाहीस."

"नाहीच होणार," त्या म्हणाल्या आणि बसमध्ये चढल्या.