तिसऱ्या मजल्याचा फोन

माणसाचा केस मिलिमीटरच्या दहाव्या भागाहूनही बारीक असतो.

लॉरी कुर्टीच्या पेस्टीत, भट्टीत भाजलेल्या त्या मोठ्या करंजीत, गाजर चालत नाही. मांस, बटाटा, कांदा आणि रुताबागाचा कंद. गाजर घालणारे लोक पुलाखाली राहतात, म्हणजे मोठ्या पुलाच्या दक्षिणेला, खालच्या मिशिगनमध्ये.

"आमच्याच कॉलेजात यावं असं आपल्याला का वाटतं? चारशे शब्दांत लिहा."

टेलिफोन डिरेक्टरी आता कोणी छापत नाही. डॉ. लबर्स यांच्या कपाटात मात्र त्यांचे गठ्ठे आहेत.

चर्चच्या तळघरात, कॉफीच्या भांड्यापाशी, आयलाच्या आजीची मैत्रीण इल्मा: "म्हणजे खरीखुरी डॉक्टर होणार ना ती? का त्या पाठ रगडणाऱ्यांपैकी?"

छपरावरचा बर्फ काढताना कडेला जायचं नसतं. आयला कुर्टीला हे सोळाव्या वर्षी कळलं.

इमारत एकच. तळमजल्यावर डी.ओ.चं, म्हणजे ऑस्टिओपॅथीचं कॉलेज, तिसऱ्या मजल्यावर एम.डी.चं. मधल्या दोन मजल्यांवर दोघांचं मिळून एक कॅन्टीन आणि शवविच्छेदनाचा एक हॉल. दोन्हीकडून बाहेर पडतात ते डॉक्टरच. तीच औषधं लिहितात, तीच पोटं उघडतात, आणि कायदा दोघांत फरक करत नाही. तळमजल्यावर त्याशिवाय दोनशे तास हातांचं शिक्षण असतं: चाचपायचं, दाबायचं, अडकलेला सांधा सोडवायचा. फरक करतात ती माणसं.

*

जुलैच्या शेवटच्या मंगळवारी सकाळी दहा वाजता आयला तळमजल्यावरच्या हॉलमध्ये डोळे मिटून उभी होती आणि तिच्या बोटांखाली डिरेक्टरीचं पान होतं. पानाखाली एक केस होता. तो कुठून कुठे गेलाय ते सांगायचं, आणि सापडला की वर आणखी एक पान टाकायचं.

"माझा केस आहे तो," शेजारून डेझरे विटकॉप म्हणाली. "घोड्याच्या शेपटीएवढा जाड. तो नाही लागला तर तू सुतारकाम शीक."

डेझरे एकतीस वर्षांची होती. मस्कीगनच्या एका दवाखान्यात आठ वर्षं लोकांना कुबड्यांवर चालायला शिकवून ती इथे आली होती. कॉलेज सुरू होऊन दोन आठवडे झाले होते आणि पहिल्याच दिवशी दोघींची जोडी लावून दिली होती. ही जोडी वर्षभर बदलत नाही. एकमेकींच्या पाठीवरच शिकायचं.

"किती पानं झाली?" तास घेणाऱ्या डॉ. लबर्स यांनी विचारलं.

"अकरा," डेझरे म्हणाली.

"आणि तुमची, मिस कुर्टी?"

"पाच," आयला म्हणाली. झाली होती दोन, आणि दुसऱ्या पानाखालीही तिला केस लागला होता का लागल्यासारखं वाटलं होतं, हे तिचं तिलाच सांगता आलं नसतं.

मग ती टेबलावर पालथी झोपली. डेझरेने हात चोळून गरम केले आणि मानेपासून खाली येऊ लागली. बोलायचं नाही, फक्त बोटांनी वाचायचं, असा नियम होता. कमरेच्या जरा वर, डावीकडे, बोटं थांबली.

"इथे काय झालं होतं?"

"काही नाही."

"पडली होतीस. उंचावरून."

"छपरावरून. दहा वर्षं झाली. कोणाला दिसत नाही ते, एक्स-रेमध्येसुद्धा नाही आलं."

"मी कुठे एक्स-रे काढतेय," डेझरे म्हणाली आणि अंगठा तिथेच ठेवला. काहीतरी सैल झालं. नेमकं त्याच वेळी टेबलाखाली आयलाच्या बुटात ठेवलेला फोन थरथरायला लागला.

*

मिस कुर्टी, मी तिसऱ्या मजल्यावरून बोलतेय, एम.डी. प्रवेश कार्यालय. आपण प्रतीक्षायादीवर होता. एक जागा रिकामी झाली आहे. आज संध्याकाळी पाचपर्यंत कळवावं लागेल. आपण आत्ता शहरात आहात का?

आयला म्हणाली, आहे. कुठे आहे ते सांगितलं नाही. अंगात हाफपँट, पाय अनवाणी, आणि बोलणाऱ्या बाई तिच्या डोक्यावर तीनच मजले वर बसल्या होत्या.

*

तीन वर्षं. पहिल्या वर्षी तिने फक्त एम.डी. कॉलेजांना अर्ज केले आणि सगळीकडून नकार आला. दुसऱ्या वर्षी पुन्हा तेच. त्या काळात ती गावात डॉ. वेंडेल सिरोला यांच्या दवाखान्यात रक्तदाब मोजायला लागली. सिरोला डी.ओ. होते. तिसऱ्या वर्षी तिने दोन्हीकडे अर्ज केले, सिरोलांनी शिफारसपत्र लिहिलं, आणि तळमजल्याने पंधरा दिवसांत हो म्हटलं. तिसरा मजला म्हणाला, थांबा.

ती थांबली. एप्रिलमध्ये थांबली, मेमध्ये थांबली, जूनमध्ये सोडून दिलं. आईबाबा नऊ तास गाडी चालवून तिच्या पांढऱ्या कोटाच्या समारंभाला आले. कोटावर निळ्या दोऱ्याने कॉलेजचं नाव विणलं होतं. आता कुठे ती त्या नावाला सरावली होती, आणि यांना आता वेळ मिळाला.

*

"आई, वरून फोन आला होता."

"वरून म्हणजे देवाकडून का?"

"तिसऱ्या मजल्यावरून. एम.डी.ची जागा आहे."

पलीकडे लॉरीने नळ बंद केला. मग म्हणाली, "म्हणजे चर्चमध्ये मला डी.ओ. म्हणजे काय ते सारखं समजावून सांगायला लागणार नाही."

"तू समजावून सांगायचीस?"

"सांगायचे ना. कागदावर लिहून ठेवलं होतं. तरी इल्मा म्हणायची, हो हो, पाठ रगडणारी."

"तू काय म्हणतेस ते सांग, आई. इल्माचं नको."

"मी काय म्हणणार? तुझं आयुष्य आहे. पण फोन करायला त्यांना दोन आठवडे आधी काय झालं होतं? थांब, बाबांना देते."

रॉय कुर्टी फोनवर कधी नमस्कार-चमत्कार करत नसे. "म्हणजे परत कोट?"

"हो, बाबा. त्यांचा वेगळा असतो."

"परत नऊ तास?"

"तुम्ही नाही आलात तरी चालेल."

"येणार नाही असं म्हटलंय का मी? नऊ तास का, एवढंच विचारतोय. पुलाखालच्या लोकांना एका माणसाला एकदाच कोट द्यायला काय होतं?"

*

तिने कॅन्टीनमध्ये बसून वहीचं एक पान घेतलं. डावीकडे वर जायची कारणं लिहायला घेतली: खाली दोन दोन परीक्षा द्याव्या लागतात. खोडलं, कारण अभ्यास तिला कधी जड गेला नव्हता. लिहिलं: शल्यचिकित्सेच्या मोठ्या जागा. खोडलं, कारण तिला गावी परत जायचं होतं आणि गावात शल्यचिकित्सक बुधवारी येतो. उजवीकडे खाली राहायचं कारण लिहिलं: हात. त्यापुढे काय लिहायचं ते सुचेना. मग लिहिलं: डेझरे. ते सगळ्यात जोरात खोडलं, पान फाटलं.

पलीकडच्या टेबलावर दोन्ही मजल्यांची मुलं एकच पिझ्झा खात होती. कोण कुठला ते गळ्यातल्या ओळखपत्राच्या पट्टीवरूनच कळत होतं. तिला त्या पट्ट्यांचा राग आला. मग स्वतःची निळी पट्टी शर्टाच्या आत सारली आणि त्याचाही राग आला.

*

डॉ. सिरोलांनी पाचव्या रिंगला फोन उचलला. "माझ्याकडे चार मिनिटं आहेत. मिसेस नारा बाहेर बसल्यायत, अंगठ्यात गळ अडकलाय."

तिने सांगितलं.

"बरं," ते म्हणाले.

"बरं म्हणजे?"

"म्हणजे ऐकलं."

"डॉक्टर, तुम्ही माझ्यासाठी पत्र लिहिलंत. त्यात लिहिलं होतं की हिला हातांचं शिकायचंय."

"तूच सांगितलं होतंस म्हणून लिहिलं."

"ते खरं होतं."

"खरंच असणार. अर्जात सगळ्यांचं खरं असतं."

"मी वर गेले तर तुम्हाला राग येईल?"

"आयला, तुला मी रागवायला हवाय. म्हणजे तुला राहता येईल आणि खापर माझ्यावर. का मी हसून जा म्हणायला हवाय? तेही माझ्याच डोक्यावर. मला दोन्ही नको. मला गळ काढायचाय."

"गळ काढायला कुठली पदवी लागते?" ती चिडून म्हणाली.

"पक्कड लागते," सिरोला म्हणाले. "पाचला ना? मला आठवड्याने कळव. आज नको."

फोन ठेवल्यावर तिला वाटलं, निदान यांनी तरी ओरडायला हवं होतं. सकाळपासून एकही माणूस तिला धड अडवत नव्हता.

*

साडेचार वाजता डेझरे हॉलमधली टेबलं पुसत होती.

"मला वर जागा मिळतेय," आयला म्हणाली.

डेझरे पुसत राहिली. "सकाळचा फोन?"

"हो."

"म्हटलंच मी, इतका वेळ पाठ दगडासारखी का झाली. मग? जा ना. लिफ्ट बंद आहे, जिन्याने जा."

"मी अजून ठरवलं नाहीये."

"कुर्टी, तू साडेचारला बूट घालून, केस विंचरून आलीयेस. ठरवलेलं नसतं तर अनवाणी आली असतीस."

"तुझ्या जोडीला कोण मग? प्रवेश बंद झालेत. वर्गात विषम संख्या होईल."

"मी काय तुझी सासू आहे, मला विचारून जायला?"

"तू काहीतरी म्हण ना. रागव तरी."

डेझरेने फडकं पिळलं. "तुझी डावी बाजू अजून सुटलेली नाही," ती म्हणाली. "अर्धीच सुटलीये. वर गेलीस की कोणाला तरी दाखव. वर कोणाला जमत असेल तर."

आयला जिना चढली. पहिल्या मजल्यावर थांबली, दुसऱ्यावर थांबली. तीन वर्षं तिसरा मजला नाही म्हणत होता, म्हणून तो हवा होता. याहून बरं कारण दुपारभर शोधूनही तिला सापडलं नव्हतं, आणि हे कारण चारशे शब्दांत कुठेही लिहिता आलं नसतं.

कार्यालयातल्या बाई हसऱ्या होत्या. "अभिनंदन. इथे सही. आत्ता दुसरीकडे कुठे प्रवेश घेतलाय का?"

"घेतलाय. खाली."

"खाली म्हणजे?"

"तळमजल्यावर."

"अरे वा," बाई म्हणाल्या. "मग पार्किंगचा परवाना तोच चालेल."

आयलाने सही केली. घड्याळात पाचला सहा मिनिटं होती. तीन वर्षांचा जो काही राग, धाप, रडू साठलं होतं ते आता बाहेर येईल म्हणून ती खुर्चीत थोडा वेळ बसली. आलं नाही. बाईंनी विचारलं, पाणी हवंय का.

*

सप्टेंबरात शवविच्छेदन सुरू झालं. दोन्ही कॉलेजांचे गट एकाच हॉलमध्ये, एका देहाला आठ जण. यादी लावली होती. आयला टेबल क्रमांक चौदाला गेली. पलीकडे, देहाच्या डाव्या खांद्यापाशी, डेझरे हातमोजे चढवत होती.

"काय, कुर्टी. वरची हवा कशी आहे?"

"तीच आहे," आयला म्हणाली. "पुस्तकं तीच. हृदयाचे तास घेणारे सर तेच. परवा तर तोच विनोद सांगितला."

"झडपेचा?"

"झडपेचा."

"आणि आईच्या चर्चमध्ये?"

"इल्मा आता विचारते, कुठल्या अवयवाची डॉक्टर." आयलाने चिमटा उचलला, परत ठेवला. "तुझ्या जोडीला कोण असतं?"

"लबर्स सर स्वतः. साठ वर्षांची पाठ आहे. कुठेही बोट ठेव, काहीतरी सापडतंच."

"डेझरे, मी तेव्हा..."

"त्वचा बाजूला धर," डेझरे म्हणाली. "घट्ट धर, निसटेल."

आयलाने धरली. हातमोज्यांतून तिला फक्त गारपणा लागत होता. डेझरेने न बघता, बोटांनीच, फासळ्यांमधली जागा शोधली आणि सुरी टेकवली. बाकीचे सहा जण वाकून बघायला लागले, निळ्या पट्ट्या आणि हिरव्या पट्ट्या. कोणीतरी आयलाला म्हणालं, जरा सरक, दिसत नाहीये. ती सरकली.

त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये, आयला प्रतीक्षायादीवर थांबली होती तेव्हा, डेझरे विटकॉपला तिसऱ्या मजल्यावर जागा मिळाली होती, आणि तिने दुसऱ्याच दिवशी नको म्हणून कळवलं होतं.