क्षितिज जुळलं होतं

डोंगर जुळले की झालं, असं मला शिकवलं होतं.

चंद्रावरच्या गाडीचा टीव्ही कॅमेरा प्रत्येक थांब्यावर सावकाश गोल फिरायचा, आणि इकडे ह्यूस्टनला आमच्या खोलीत आम्ही पडद्यावरच्या चित्राचे झटपट फोटो काढायचो. मिनिटाभरात कागद हातात. मी ते पुठ्ठ्यावर एकाशेजारी एक चिकटवायचे, की त्या थांब्याभोवतीचा सगळा परिसर एका लांब पट्टीत दिसायचा. शेजारच्या खोलीतले भूशास्त्रज्ञ त्यावर लाल पेन्सिलीने दुसऱ्या दिवसाचा रस्ता आखत. जवळचे दगड काही नीट जुळत नसत, मग फोटोंची खालची कड कात्रीने उडवायची. पट्टी कशी सरळ, देखणी दिसायची. माझ्या नीटनेटकेपणाचं कौतुक व्हायचं आणि ते मला आवडायचं, खोटं कशाला बोलू?

त्या दिवशी चंद्रावरचे दोघं अंतराळवीर यानात परतून झोपले होते. ह्यूस्टनला दुपारचे बारा वाजून गेले होते. सकाळभर मी एकच पट्टी केली होती, तिसऱ्या थांब्याची, आणि अकरा वाजता ती पोचतीही केली होती. सँडविच खायला बसले तर कोपराला एक कातरण चिकटलेलं. झटकणार तेवढ्यात त्यावर काहीतरी तिरपं दिसलं. तुटक्या फावड्याचा दांडा.

तो दांडा त्या दोघांपैकी राउशने दुसऱ्या थांब्यावर फेकला होता. फेकताना तो जे बोलला ते रेडिओवर साऱ्या खोलीने ऐकलं होतं, आणि ते पेपरात छापण्यासारखं नव्हतं. दुसरा थांबा तिथून अर्धा मैल मागे होता. मग तो दांडा माझ्या आजच्या कातरणात आला कुठून?

मग आठवलं. आदल्या दिवशी घाईत काही फोटोंच्या मागे थांब्याचा आकडा टाकायचा राहिला होता. तिसऱ्या थांब्याचे पश्चिमेकडचे फोटो पांढरेफटक दिसत होते, म्हणून बिघडले समजून मी ते टोपलीत टाकले. गठ्ठ्यात तीन चांगले सापडले, डोंगरांची रेघ हुबेहूब जुळली, दिले लावून. जुळणारच की! पंधरा मैलांवरचे डोंगर अर्धा मैल इकडून पाहिले काय आणि तिकडून काय, सारखेच दिसणार.

टोपली उपसून ते पांढरे फोटो काढले आणि भिंगाखाली धरले. ते बिघडलेले नव्हतेच. सूर्य बरोबर पाठीशी असला की तिथे सावल्या दिसत नाहीत, खड्डा आणि मैदान सारखंच पांढरं. तिन्ही फोटोंत मिळून एक पुसट कमान मात्र होती. खड्ड्याची कड असेल, नाहीतर काहीच नसेल. उद्याची लाल रेघ नेमकी तिथूनच जात होती. आणि उद्याही सूर्य त्यांच्या पाठीशीच असणार होता.

तेव्हा बारा वाजून वीस मिनिटं झाली होती. ते दोघं तीनला उठणार होते, आणि त्यांचा 'उद्या' तेव्हाच सुरू होणार होता. मी काय केलं? कातरण खिशात घातलं आणि सँडविच संपवलं. कप धुतला. चार वर्षं टायपिंगच्या खोलीत काढल्यावर हे काम मिळालं होतं, आणि बाईमाणसाला हे जमेल का, अशी चर्चा माझ्यासमोरच झाली होती. त्यांना काय डोळे नाहीत, खड्डा दिसला तर थांबतील, असं मी स्वतःला दहा वेळा सांगितलं. दिसणार नाही, हे मला अकराव्यांदाही ठाऊक होतं.

"अगं व्हर्लीन, तोंड का पडलंय?" शेजारच्या टेबलावरची ओडेलिया म्हणाली. "नवऱ्याने परत मासे आणले वाटतं साफ करायला!"

मी हसले. हसताही आलं, याचीच मला भीती वाटली.

दीडच्या सुमाराला राउशची बायको आली, मार्जीन. हातात बिस्किटांचा डबा. "काय गं पोरींनो, आता कुठे पाठवताय माझ्या माणसाला?" भिंतीवर माझ्या पट्टीची नक्कल होती, लाल रेघेसकट. तिने त्या सपाटीवरून बोट फिरवलं. "चला, मैदान आहे तर. जीव भांड्यात पडला. चाक हातात आलं ना, की त्याला भान राहत नाही."

मी डबा घ्यायलाही थांबले नाही. धावत शेजारच्या खोलीत गेले आणि भूशास्त्रज्ञांचे प्रमुख डॉक्टर ॲम्स्लर यांच्यापुढे कातरण आणि ते तीन फोटो ठेवले. त्या रेघेच्या टोकाला एक पांढरा खडक होता. त्या खडकासाठी त्यांनी महिनाभर सगळ्यांशी भांडण काढलं होतं.

"तिथे खड्डा आहे, याची खात्री आहे तुम्हाला?"

"नाही, डॉक्टर. पण मी लावलेलं मैदान तिथलं नाही, याची खात्री आहे."

ते बराच वेळ भिंगातून पाहत राहिले. "कधी लक्षात आलं?"

"आत्ता."

त्यांनी खोडरबर घेतलं. खडक गेला, रस्ता उत्तरेकडून वळला.

त्याच संध्याकाळी गाडी त्या वळणावर थांबली आणि कॅमेरा डावीकडे फिरला. बाजूने पाहिल्यावर सावली दिसली, काळीकुट्ट. खड्ड्यात आमची अख्खी इमारत मावली असती. मग राउशचा आवाज आला, "कुणाच्या लक्षात आलं हे? आम्ही सरळ आत गेलो असतो."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. कुणीतरी टाळ्या वाजवल्या. मी पुढचा फोटो उचलला आणि त्याच्या मागे थांब्याचा आकडा टाकला.

ते परत आल्यावर आठवड्याने मार्जीन पुन्हा आली. या खेपेला डबा नव्हता. तिने मला सगळ्यांदेखत मिठी मारली आणि सोडेचना. "डॉक्टरांनी सांगितलं मला," ती रडत म्हणाली. "कळल्याबरोबर धावत गेलीस. एक क्षण थांबली नाहीस."

मी तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिले.

"कुणीही तेच केलं असतं," मी म्हटलं.