खिडकीतली कावीळ

बहात्तरच्या दुष्काळात श्रीगोंद्याकडच्या त्या धर्मादाय इस्पितळात कावीळ रांगेनं यायची, पण कागदावर जवळजवळ नसायचीच. याचं श्रेय लोक प्रयोगशाळेतल्या यज्ञेश्वरला देत.

खरं तर श्रेय कडूबाईचं. खडी फोडायच्या कामावरच्या या बाईनं लेकाचं रक्त कुठं ठेवलंय ते बघायचा हट्ट धरला. यज्ञेश्वरनं कपाट उघडून काळ्या कागदात गुंडाळलेली नळी दाखवली. कावीळ मोजायची तर रक्ताला ऊन लागू द्यायचं नाही, उन्हानं त्यातला पिवळेपणा विरतो, असं तो पुण्याला शिकून आला होता. कडूबाई सगळ्या व्हरांड्याला ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाली, "रगात कोंडून ठिवलंय म्हंजी इकायचा इचार हाय."

दुसऱ्या दिवशी रक्त द्यायला कुणी फिरकलं नाही. थोरले डॉक्टर माधवराव यांनी तोडगा काढला. नळ्या दक्षिणेच्या खिडकीत, बाहेरून दिसतील अशा मांडायच्या. यज्ञेश्वरनं उन्हाचा मुद्दा काढला, तेव्हा पुण्याचं ऊन वेगळं, असं त्याला सांगण्यात आलं.

नातेवाईक खिडकीखाली भाकरी सोडून आपापली नळी राखू लागले. दुपारचा चहा उरकून यज्ञेश्वर तपासणीला बसायचा, आणि आकडे इतके सौम्य यायचे की पेशंटलाच आपल्या दुखण्याची लाज वाटावी. माणसं पिवळीजर्द घरी जायची. विश्वस्तांनी सभा घेऊन यज्ञेश्वरला शाल दिली. ती घेताना उन्हाचा मुद्दा त्याला आठवला नाही.

मग एका सकाळी आरशात त्याचेच डोळे हळदीसारखे दिसले. अन्न बघवेना, उभं राहवेना. महिनाभर अंथरूण धरलं नाही तर यकृत कामातून जाईल, हे त्याला कुणी सांगायला नको होतं. त्यानं स्वतःचं रक्त काढलं, गुपचूप कपाटात ठेवलं, मन लावून तपासलं. आकडा भयंकर आला. तो घेऊन तो रजा मागायला गेला.

माधवरावांनी चष्मा पुसला. "यज्ञेश्वर, एवढी कावीळ आपल्या इस्पितळात आजवर कुणाला झालेली नाही."

"साहेब, डोळे तरी बघा."

"डोळे काय, उष्णतेनं होतात. नळी कुठं होती?"

"कपाटात."

"म्हणजे पद्धत सोडून. खिडकीत ठेवा, पुन्हा करा."

नळी खिडकीत गेली. ती तपासणाऱ्याचीच आहे म्हटल्यावर खालच्या मंडळींना लई बरं वाटलं. दुपारनंतर आकडा आला तो पहिलवानाला शोभेल असा. माधवरावांनी अर्ज परत केला. हा आकडा खोटा म्हणायचा तर मागचेही म्हणावे लागतील, आणि ते कुणी काढले, एवढंच त्यांनी मायेनं विचारलं. यज्ञेश्वरनं अर्जाची घडी घालून तो खिशात ठेवला.

त्याला उंबऱ्याशी चौकट धरून उभं राहिलेलं बघून माधवरावांना दया आली. सुप्याला एक जण कावीळ उतरवायची माळ घालतो, म्हणाले. डोक्यावरची माळ वाढत वाढत बेंबीपर्यंत येईस्तोवर माणसानं अंथरूण सोडायचं नसतं. त्यांच्या मेहुण्याला चांगला महिना लागला होता.

"पण साहेब, कावीळ तर निघाली नाही ना?"

"तपासणीत नाही निघाली. माळेला तपासणी लागत नाही. धर्माच्या कामाला मी रजा अडवत नसतो."

यज्ञेश्वरनं तसा अर्ज लिहिला. माधवरावांनी तो न वाचता मंजूर केला, आणि माळ पुरी उतरल्याशिवाय कामावर दिसलात तर खबरदार, असा दमही भरला.