वाकून बघायची दुर्बीण

पोस्टातून रिटायर झालेला हा माणूस म्हणजे सहा फुटांच्या वर दोन बोटं, आणि त्याची बायको त्याच्या खांद्यालाही पोचत नसे. एकोणीस हिवाळे दोघांनी तळ्याच्या पूर्वेच्या काठावरून बदकं मोजली, ती एकाच दुर्बिणीतून. नियम ठरलेला होता: ट्रायपॉड तिच्या उंचीला लावायचा आणि यानं वाकायचं. हा आकडा मोठ्यानं सांगे, ती वहीत उतरवून घेई. पाठीवरून कुरकुरला की ती म्हणायची, "उंटावरून शेळ्या हाकू नका, वाका जरा!"

मग ती अंथरुणाला खिळली. दोन वर्षं दुर्बीण कपाटात पडून राहिली आणि भिंगांना आतून बुरशी धरली. तिला जाऊन आता आठ महिने झाले होते. रविवारी तळ्यावर पक्ष्यांची गणती होती. तो आला नाही तर गणतीवाले पूर्वेचा काठ दुसऱ्या कुणाला देणार होते, आणि तेवढं एक त्याला हातचं घालवायचं नव्हतं. म्हणून तो जुन्या दुर्बिणी विकणाऱ्याच्या दुकानात आला. बैल गेला नि झोपा केला, असं स्वतःलाच म्हणत आला.

दुकानदारानं दोन दुर्बिणी काढल्या. एक सरळ नळीची, दुसरीचा डोळा लावायचा भाग वर वळलेला.

"एकटेच बघणार ना काका? मग सरळ घ्या, पक्षी पटकन सापडतो. ही वाकडी दोघातिघांत बरी. नाहीतर बसून बघणाऱ्याला."

"आधी वाकडी बघतो."

दारात ट्रायपॉड लावून त्यानं समोरच्या इमारतीवरची पाण्याची टाकी दुर्बिणीत धरली. काठावर कबुतरं बसली होती. वाकून त्यानं एकाची मान स्पष्ट केली, हिरवी, मग जांभळी. ट्रायपॉडला धक्का न लावता तो डावीकडे सरकला आणि म्हणाला, "ये, बघ लवकर."

दुकानदार आला. "कबुतर आहे. भिंग एक नंबर! पण काका, ट्रायपॉड एवढा खाली? मलासुद्धा वाकावं लागतंय." असं म्हणून त्यानं ट्रायपॉडचे तिन्ही पाय लांब केले.

आता पाठ ताठ ठेवून दिसत होतं, आणि फार छान दिसत होतं. तेच त्याला सोसवेना. घरीही खिडकीसमोर अशीच टाकी होती. बायको एकदा अंथरुणातून म्हणाली होती, "तळं राहू दे. दुर्बीण इथं लावा, ती कबुतरं तरी बघते." हा पडला पक्षीवाला! कबुतरं यांच्या गणतीतसुद्धा नसतात. "कबुतरांत काय बघायचंय? बरी हो, तळ्यावरच नेतो," असं म्हणून त्यानं विषय मिटवला होता. उशांना टेकून तिला सगळं दिसलं असतं. दुर्बीण कपाटात होती, चार पावलांवर. त्यानं स्वतःला मनातल्या मनात शिव्या घातल्या, पण आता त्या मोठ्यानं दिल्या तरी ऐकायला ती नव्हती.

"काका, सरळ बांधू?"

"वाकडीच बांध. पण थांब जरा."

त्यानं ट्रायपॉडचे पाय पुन्हा आखूड केले, अगदी पहिल्याइतके. मग वाकून टाकीवरची कबुतरं एकेक करून मोजली.

"अकरा," तो मोठ्यानं म्हणाला, आणि लिहून होईपर्यंत तसाच वाकून थांबला.