शेवटच्या रांगेत ऐकू आलेले कडवे

मित्रांनो, मी एक जुना मिक्सर आहे. चटणी वाटणारा नव्हे, आवाज मिसळणारा! नागपूरच्या एका लहानशा दुकानात माझा जन्म झाला. पत्र्याचे अंग, सहा माइक जोडायची सोय आणि प्रत्येक माइकला तीन बटणे: एक जाड आवाजाचे, एक मधल्या आवाजाचे, एक बारीक आवाजाचे. १९८४ साली सौंसरच्या तुळशीरामने मला बसमधून मांडीवर बसवून घरी आणले आणि लाउडस्पीकर भाड्याने द्यायचा धंदा सुरू केला.

तुळशीराम त्याआधी बारा वर्षे जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातून सरकी काढायच्या कारखान्यात, कामाला होता. तिथे कापसाचे ढीग होते, पण कानात घालायला दोन बोळे कोणी दिले नव्हते. यंत्रांच्या घरघरीने त्याच्या कानांतले बारीक आवाज कायमचे गेले. हे त्याला ठाऊकच नव्हते. गाणे दबल्यासारखे वाटले की तो माझे बारीक आवाजाचे बटण शेवटपर्यंत पिळायचा. मग भोंगे किंचाळत आणि लोक मलाच नावे ठेवत. मला फार वाईट वाटे.

१९८६ साली पांढुर्ण्याला बुद्ध जयंतीचा कार्यक्रम होता. समितीचे मधुकरराव स्पष्टच म्हणाले, "तुळशीराम, कमलबाई गाणार हाय. लोकायले शब्द समजले नाही, तर पुढच्या साली नागपूरचा सेट आणीन."

सकाळी तालीम सुरू झाली. तुळशीरामची बायको चंद्रकला शेवटच्या रांगेतून ओरडली, "अवो, कानात सुया टोचून राहिल्या!"

"मले तर काहीच टोचत नाही."

ती थबकली. स्टेजवर येऊन तिने त्याच्याच मनगटावरचे घड्याळ काढले आणि त्याच्या कानाला लावले. "टिकटिक येते?"

त्याने मान हलवली. नाही. माझ्यावरचा हात काढून घेत तो म्हणाला, "मंग मी हा धंदा सोडून देतो."

"काहून सोडता? हात तुमचे, कान माझे!"

ती पुन्हा मागे गेली. तिने हात खाली केला, तसे त्याने बारीक आवाजाचे बटण उतरवले. किंचाळी थांबली. पण कमलबाईचे शब्द अजून बुडतच होते. त्याने तिचा माइक वाढवला, तर भोंग्यांनी शिट्टी मारली.

"तिले वाढवून काय होते?" चंद्रकला मागूनच ओरडली. "ती अन् पेटी एकाच जागेवर भांडून राहिल्या. पेटीले सरकवा ना जरा!"

तुळशीरामचा हात माझ्यावर थांबला. मग त्याने कमलबाईचा माइक पुन्हा पहिल्यासारखा केला आणि हार्मोनियमचे मधल्या आवाजाचे बटण हळूच खाली आणले. कमलबाईच्या माइकचे जाड आवाजाचे बटण उतरवले आणि ती जागा ढोलकीला मोकळी करून दिली. मित्रांनो, काय सांगू! ढोलकी तळाशी बसली, हार्मोनियम बाजूला झाली आणि मधून कमलबाईचा आवाज सरळ निघाला. तो वाढवावा लागलाच नाही.

संध्याकाळी मैदान भरले. पहिले गाणे संपते न संपते तोच अगदी मागून म्हाताऱ्या शांताबाई उभ्या राहिल्या. "कमल, ते दुसरं कडवं परत म्हण वं!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. मधुकररावांनी माझाच माइक हाती घेतला आणि सांगितले, "पुढच्या साली बी तुळशीरामच!"

आज मी फळीवर असतो. बटणे फिरवली की खरखरतो, तरी कोणी फडक्याने धूळ पुसली की हुरूप येतो. मित्रांनो, यंत्रे पुसत जा, आणि त्याहून जास्त आपले कान जपा. माझी बटणे नवी मिळतात.