करंदीची तहान

मी एक जुनी निळी बादली आहे. वेणूने मला वाणगावच्या बाजारातून आणलं. डहाणूजवळच्या आगर गावात तिचं घर आहे. होडीतले बोंबील वाळवणाच्या बांबूंपर्यंत नेणं हे माझं काम होतं. "ही बादली म्हणजे माझा उजवा हात," असं ती शेजारणींना सांगायची, तेव्हा मला मूठभर मांस चढायचं. पण माझी कडी तुटली आणि तीच वेणू लेकीला म्हणाली, "किंजल, ठेव ती कुत्रीपुढं."

अशी मी करंदीची पाण्याची बादली झाले. करंदी तांबूस, गावठी, तेव्हा सहा महिन्यांची. कावळ्या-मांजरांपासून बोंबील राखायची, पण स्वतः कधी तोंड लावायची नाही.

गावात कुत्र्यांना लस टोचायला आलेल्या डॉक्टर निलम तिला पाहून म्हणाल्या, "पहिला माज यायच्या आत हिचं ऑपरेशन करून घ्या. गर्भपिशवी काढली की तिथे पू व्हायचा प्रश्नच राहत नाही, थानांत गाठी व्हायची भीतीही बरीच कमी होते. मोठ्या जातीच्या कुत्र्यांची आधी वाढ होऊ देतात. हिला थांबायची गरज नाही."

"एक वेत तरी होऊ दे, बाय," वेणू म्हणाली. "बाईच्या जातीनं आई नको व्हायला?"

एकाची दोन वेतं झाली. मग वेणूने एकदा मनावर घेतलं, तर करंदी नेमकी माजावर. डॉक्टर म्हणाल्या, "आता रक्त जास्त जाईल. अडीच-तीन महिन्यांनी आणा." ते महिने वेणूच्या कामात कुठे गेले, कळलंच नाही. अशी पाच वर्षं सरली.

एकदा माज होऊन महिना लोटला आणि करंदी खूप पाणी पिऊ लागली. आधी दिवसाला माझा पाव भाग संपायचा, आता दुपारपर्यंत माझा तळ दिसायचा. मित्रांनो, हे सर्वांत आधी मला कळलं. पण बादलीचं कोण ऐकणार?

"खारवलेला मासा चोरला असन हिनं, म्हनून एवढी तान लागते," वेणू म्हणाली. तिने करंदीला माझ्याशेजारी बांधलं आणि जेवण बंद केलं. तिसऱ्या दिवशी किंजलला तिच्या शेपटीखाली पू दिसला.

डॉक्टरांनी त्याच दिवशी पोट उघडलं. गर्भपिशवी पुवाने टम्म फुगली होती. "दोन दिवस आधी आणली असती तर एवढा धोका नव्हता," त्या म्हणाल्या. वेणू ओट्यावर बसून रडली. "मी हिला चोर म्हनले," एवढंच ती पुन्हा पुन्हा बोलत होती.

करंदी वाचली. तिने टाके चाटू नयेत म्हणून किंजलने माझा तळ कापून मला तिच्या गळ्यात घातलं. नंतर करंदीच्या नातीचं ऑपरेशन सहाव्या महिन्यातच झालं, तेव्हाही मीच होते. आता अख्खं गाव मला मागून नेतं.

मित्रांनो, तुमच्या कुत्रीचं ऑपरेशन कधी करायचं ते डॉक्टरांना वेळेवर विचारा आणि उद्यावर टाकू नका. मुकं जनावर एकाएकी पाण्यावर तुटून पडलं, तर त्याचं दुखणं आधी शोधा. ते दोन दिवस मी विसरलेले नाही. दोरीला बांधलेली, उपाशी, आतून सडत चाललेली करंदी, वेणू समोरून गेली की दर वेळी शेपूट हलवत होती.