तळ्यातली मुलं

शिक्षण कार्यालयात तिला सगळे ठिपकेबाई म्हणत. हे नाव शेजारच्या टेबलावरच्या हिशेबनिसाने चेष्टेत ठेवलं होतं, पण ते असं चिकटलं की साहेबसुद्धा "ठिपकेबाईंना विचारा" म्हणू लागले. तिला त्याचा राग येत नसे, कारण काम तेच होतं. शहरातलं शाळेत जाणारं प्रत्येक मूल म्हणजे तिच्या पडद्यावरचा एक ठिपका. पटावरचा पत्ता टाकला की संगणक ठिपका लावायचा. मग ती शाळांभोवती रेषा आखायची, इकडची मुलं या शाळेत, तिकडची त्या. जिथे शाळा आहे पण सलग काही वर्षं आसपास ठिपकेच नाहीत, ती शाळा बंद करून शेजारच्या शाळेत मिसळायची.

पूर्वी हे सगळं चहा पिता पिता ठरत असे. ज्याचा मेहुणा शिक्षक, त्याची शाळा शाबूत. पटावर खोटी नावं चढवणं तर इतकं मुरलेलं होतं की पटाच्या आकड्यावर विश्वास ठेवणारा माणूस शोधून सापडला नसता. ठिपकेबाईने भांडभांड भांडून नकाशा आणला आणि नियमही स्वतः लिहिले. शाळांची नावं झाकायची, नुसते क्रमांक बघायचे. मोजायचे ते ठिपके, पट नाही. हाताने लावलेला ठिपका मुळीच धरायचा नाही, नाहीतर पुढारी येऊन बसेल आणि मेहुण्याच्या शाळेभोवती मूठभर ठिपके पेरून जाईल. आणि शेवटचा नियम साफसफाईचा. शहराच्या मधोमध मोठं तळं होतं, आणि दर वेळी त्या निळ्या पाण्यात ठिपक्यांचा एक पुंजका येई. तळ्यात काही कोणी राहत नाही. ती एक कळ दाबे आणि पाणी स्वच्छ होई. या नियमांचा तिला भलताच अभिमान होता.

बंद करायच्या शाळांची यंदाची यादी लागली त्या दुपारी ताईचा फोन आला. ताई म्हणजे तिची सख्खी मोठी बहीण, दगडखाणीमागच्या वस्तीत दोन खोल्यांच्या शाळेवर शिक्षिका. तोंडाने फटकळ, पण वस्तीतल्या पोरांवर जीव टाकणारी.

"अगं, आमची शाळा बंद करताहेत. आसपास मुलंच नाहीत म्हणे! मग मी सकाळपासून घसा कुणासाठी फोडतेय? भुतांसाठी?"

"काहीतरी घोळ असेल ताई. बघते मी."

"बघच. नकाशा तुझाच ना? नातेवाइकांत मिरवत असतेस तो?"

तिने पडदा उघडला. खाणीमागे खरंच काही नव्हतं, साधी माशी बसावी एवढाही डाग नाही. मग तिने त्या शाळेच्या पटावरचे पत्ते काढले. ते ताईने स्वतः लिहिलेले होते. वस्तीत ना गल्लीला नाव, ना घराला क्रमांक. बिचारीने दिसेल ते लिहिलं होतं. "खाणीच्या मागे, मोडक्या ट्रकजवळ." "पत्र्याचं घर, निळं दार." "टाकीच्या अलीकडे, आजीकडे." संगणकाला निळं दार कुठून कळणार? ज्याचा पत्ता लागत नाही, त्या मुलाला तो शहराच्या बरोबर मध्यावर नेऊन टाकायचा. आणि शहराचा मध्य तळ्यात होता.

ठिपकेबाईने साफसफाई उलटी फिरवली. पुंजका पाण्यावर परत आला. एकेक ठिपका दाबला तशी नावं उघडू लागली, आणि त्यातली कितीतरी तिने ताईच्या तोंडून ऐकली होती. पाढे गाऊन म्हणणारी चिमणी. दोन्ही चपला कधीच एकदम न सापडणारी तिची बहीण. खडू खाणारा एक महाभाग. या सगळ्यांना तिने दर वर्षी एका कळीने पुसलं होतं, आणि वर हातही झटकले होते. तिला स्वतःची लाज वाटली.

ती तडक साहेबांकडे गेली. साहेब माणूस वाईट नव्हता. उघडलेली फाइल मिटवायची आणि मिटलेली उघडायची नाही, एवढंच त्याचं धोरण.

"साहेब, तळ्यातली मुलं खरी आहेत."

"तळ्यात मुलं? बुडाली की काय कोणी?"

तिने सगळं सांगितलं. साहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"चूक कुणाची म्हणून लिहू?"

"माझी लिहा."

"तुमची लिहिली की यादीतली प्रत्येक शाळा उठून म्हणेल, आमच्याही वेळी बाई चुकल्या. सगळा नकाशा जाईल, बाई. मग आहेतच परत ते चहा पिणारे." साहेबांनी यादी पुन्हा चाळली. "बरं, असं करा. ठिपके जागेवर लावून आणा. समितीपुढे ठेवतो."

त्या एका वाक्यावर तिला हत्तीचं बळ आलं. रजा टाकून ती वस्तीत गेली. ताईने तिला घरोघर फिरवलं. तिने मोडका ट्रक पाहिला, निळं दार पाहिलं; दार प्रत्यक्षात हिरवं झालं होतं. प्रत्येक दाराशी उभं राहून ती फोनवर जागा टिपून घेई, आणि मागे मुलांची वरात.

"बाई, आम्ही फोनमध्ये गेलो?" चिमणीने विचारलं.

"गेलात."

"मग आता शाळा राहील?"

ठिपकेबाई हो म्हणाली. ताईने तिच्याकडे रोखून पाहिलं. परत येताना दोघी खडीच्या ट्रकांच्या रस्त्याशी थांबल्या. ज्या शाळेत ही मुलं मिसळणार होती, ती पलीकडची मोठी शाळा नकाशावर हाकेच्या अंतरावर दिसत होती. इथे रस्ता ओलांडायला ताईने तिचा हात धरला तो पार पलीकडे जाईपर्यंत सोडला नाही, लहानपणी धरायची तसा.

"मोठ्या माणसांची ही गत," ताई म्हणाली. "या पोरांचे आईबाप अंधारात कामावर जातात. सोडायला कोण येणार आहे?"

समितीची बैठक फार वेळ चालली नाही. तिने नकाशा लावला. खाणीमागे ठिपक्यांची दाटी झाली होती, आणि क्षणभर तिला वाटलं, जमलं. मग समितीतल्या एका वयस्क बाईंनी हात वर केला. त्या चांगल्या होत्या, सरळ होत्या, नकाशा आणताना याच बाई ठिपकेबाईच्या पाठीशी उभ्या राहिल्या होत्या.

"हे ठिपके संगणकाने लावलेत?"

"नाही. मी लावले. घरोघर जाऊन."

"म्हणजे हाताने." त्यांनी नियमांचं पान उलटलं. "आणि त्या शाळेवर तुमची बहीण आहे, असं मी ऐकते. खरं का?"

"खरं आहे. पण मुलंही खरी आहेत. तुम्ही या, मी दाखवते."

"मला तुमच्याबद्दल शंका नाही हो. पण आज तुमचे धरले, तर उद्या कुणाचे नाकारू? नियम तुमचाच आहे, आणि चांगला आहे."

त्यांच्या जागी ठिपकेबाई असती तर तीही हेच बोलली असती. साहेबांनी फाइल मिटली.

शाळेला कुलूप लागलं. ताईची बदली पलीकडच्या मोठ्या शाळेत झाली. सुरुवातीला ती सकाळी आधी वस्तीत जाई आणि मुलांची साखळी करून रस्ता ओलांडून आणी. पण त्यात तिला रोज उशीर होई, आणि मोठ्या शाळेने तिला समज दिली. मग साखळी तुटली. ठिपकेबाई ताईला फोन करायची तेव्हा ताई जेवण झालं का विचारायची, तब्येत विचारायची. पूर्वीसारखं एकदाही फाडकन बोलली नाही. ठिपकेबाईला ते शिव्यांपेक्षा जास्त लागायचं.

पुढच्या वर्षी नवा पट आला. ठिपकेबाईने साफसफाईची कळ कायमची काढून टाकली होती. या खेपेला पुंजका तळ्यात आला की तो पुसायचा नाही, सगळ्यांपुढे तसाच मांडायचा, असं तिने मनाशी पक्कं केलं होतं. तिने पत्ते टाकले आणि वाट पाहत बसली. शहरभर ठिपके उगवले. तळं निळंशार राहिलं. त्यात एकही ठिपका नव्हता.

सापडले असतील पत्ते, असं तिला आधी वाटलं. घाईघाईने तिने खाणीमागे पाहिलं. तिथेही काही नव्हतं. मोठ्या शाळेच्या पटात शोधलं, तर तिथे ती नावंच नव्हती. तिने ताईला फोन लावला.

"ताई, तुझी मुलं कुठेच दिसत नाहीत गं. तळ्यातसुद्धा नाहीत."

"पटावर नाव असेल तर ठिपका येईल ना," ताई म्हणाली. "येत नाहीत ती. नावं कमी केली."

"चिमणी?"

"धाकट्या भावाला सांभाळते घरी. परवा दिसली होती मला. अजून पाढे गात होती, सातापर्यंतचे. पुढचे विसरली."

ठिपकेबाईने फोन ठेवला तेव्हा साहेब मागे येऊन उभे होते. पडद्याकडे बघून त्यांना मनापासून आनंद झाला.

"वा! यंदा पाण्यात एक ठिपका नाही. आणि खाणीमागेही कोणी नाही म्हणजे गेल्या वर्षीचा निर्णय बरोबरच ठरला. अचूक नकाशा म्हणतात तो हा, बाई."

तिने मान हलवली. नकाशात खरंच कुठे चूक नव्हती. तिने तो छापायला पाठवला.